ऑक्टोबरात एकटीने लॉख एव्हन: उतरायचं की नाही ते वरच्या काठावर ठरव

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. एडिनबरात मास्टर्स करणारी, मूळची नाशिकची मुलगी, ऑक्टोबरच्या मध्यात एकटीनेच स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म्स डोंगरांत एका दिवसाचा हाइक करायचा म्हणतेय. सकाळच्या ट्रेनने ॲव्हीमोर, तिथून बसने स्की सेंटरचा कार पार्क, मग कोरी अन स्नेख्दा ही कड्यांनी वेढलेली दरी, तिच्यातून गोट ट्रॅक नावाच्या उभ्या वाटेने पठारावर, पलीकडे लॉख एव्हन या तळ्याला (लॉख म्हणजे तळं) उतरून शेल्टर स्टोन हा खाली निवारा असलेला मोठा दगड बघायचा आणि रात्री परत एडिनबरा. कळसूबाई, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग झालंय, फोनमध्ये जीपीएक्स फाइल (वाटेचा जीपीएस ट्रॅक) आहे. विचारलंय हे की बूट कोणते घेऊ आणि एकट्या मुलीला सेफ आहे का.

वयाने बरीच लहान असशील म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी इथे हायलँड्समध्येच राहते, माउंटन लीडर म्हणून लोकांना डोंगरात नेते आणि सुट्टी मिळाली की स्वतः एकटीच फिरते, त्यामुळे एकटीने जाऊच नकोस असलं काही मी सांगणार नाही. माणसांची भीती म्हणशील तर ती तिथे जवळजवळ नाहीच, उलट आठवड्याच्या मधल्या दिवशी लॉखवर दुसरं माणूस दिसलं तर दोघंही थांबून पाच मिनिटं गप्पा मारतात. आणि अलंग-मदन केलेल्या मुलीला फिटनेसबद्दल मी काय सांगणार.

पण तुझा प्रश्न बुटांचा नाहीये आणि मुलगी असण्याचाही नाहीये. अडचण ही आहे की लॉख एव्हन डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आहे. नकाशा समोर घेऊन बस (ओएस म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल ५७ घे, नाहीतर हार्वेचा चालेल) आणि गॅलिक नावांचे माझे उच्चार जरा कच्चे आहेत असं समजून मेळ लाव. एव्हनला तर इकडचे लोक बोलताना 'आन' म्हणतात.

कार पार्क कोरी कासमध्ये, साधारण ६३५ मीटरवर. तिथून पठाराचा काठ ११०० मीटरच्या आसपास. लॉख आहे सव्वासातशे मीटरवर, पण पठाराच्या दक्षिणेला. म्हणजे तू चढून जातेस, मग चारशे मीटर खाली उतरतेस आणि घरी यायचं तर ते चारशे मीटर परत चढून, पठार ओलांडून मगच उतरायला मिळतं. सह्याद्रीत आपण दमलो, पाय दुखावला, अंधार पडला तर एकच काम, उतरायला लागायचं, खाली कुठलं ना कुठलं गाव येतंच. इथे लॉखवरून 'खाली' म्हणजे पूर्वेला काठाकाठाने जाऊन सॅडल नावाच्या ८०७ मीटरच्या खिंडीतून स्ट्रॅथ नेथीच्या खोऱ्यात, तिथून पाणथळ, चिखलाच्या वाटेने तासन्‌तास, मग ग्लेनमोर. सगळं मिळून पंधरा किलोमीटर तरी आहे आणि वाटेत एक घर नाही. लॉखच्या त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज धरूच नकोस. म्हणून या वाटेवर अर्ध्या दिवसातच एक क्षण येतो, कोरी रॅबर्टच्या (पठारावरून लॉखकडे उतरणारी दरी) डोक्यावर, जिथून पुढे उतरलं की मागे फिरणं म्हणजे पूर्ण चढ. माझं सगळं उत्तर त्या एका जागेभोवतीच आहे.

आता तुझ्या प्लॅनमधला पहिला भाग, ट्रेन. एडिनबराहून ॲव्हीमोरला पोचायला तीन तासांच्या आसपास लागतात, मग बसची वाट, मग वर. चालायला लागशील तेव्हा अकरा वाजले असतील. ऑक्टोबरच्या मध्यात तिकडे सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. अकराला सुरुवात केलीस तर काठावर पोचेपर्यंत दोन-अडीच वाजले, म्हणजे निर्णय आधीच झालेला आहे आणि तो 'नाही' आहे. आदल्या रात्री ॲव्हीमोरला हॉस्टेलमध्ये राहा. सकाळच्या पहिल्या बसची वेळ बघ, उशिराची असेल तर टॅक्सी कर, आठला कार पार्कमधून पावलं पडायला हवीत. आणि दोन आठवडे पुढे ढकलू असं मनातही आणू नकोस, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मग पावणेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो. कोजागिरीच्या आसपासची तारीख असली तरी चांदण्यात उतरू वगैरे रोमँटिक विचार नको, ढग असतात.

दुसरी गोष्ट उंचीची. केर्नगॉर्म १२४५ मीटर, बेन मकडूई १३०९, ब्रिटनमधला दुसऱ्या नंबरचा. आपलं कळसूबाई १६४६. आकडे बघून आपल्या लोकांना हे डोंगर किरकोळ वाटतात, मला दर वर्षी कोणीतरी हे ऐकवतंच. पण हे ५७ अंश उत्तरेला आहे, झाडं सहाशे मीटरच्या आसपासच संपतात आणि वर जे पठार आहे ते हवामानाने आर्क्टिकच्या जवळचं. वरच्या वेधशाळेत मार्च १९८६ मध्ये ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेलाय, म्हणजे २७८ किलोमीटर. तेवढं तुला भेटणार नाही, पण ताशी ४० मैल ऑक्टोबरात अगदी नेहमीचं. ॲव्हीमोरला ९ डिग्री असेल तर वर ३ च्या आसपास, त्यात चाळीस मैलांचा वारा घातला की अंगाला उणे ५ लागतं. आणि तू भिजलेली असशील. सह्याद्रीत जुलैमध्ये आपण दिवसभर चिंब भिजून चालतो आणि वर भजी खातो, कारण पाऊस कोमट असतो. इथे भिजून अर्धा तास वाऱ्यात थांबलीस तर बोटांना जॅकेटची चेन लावता येत नाही, हे मी लोकांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. चांगला धडधाकट माणूस चेनकडे बघत उभा असतो आणि हसत असतो. हसायला लागला की मी काही न विचारता स्वतःच चेन लावते आणि सगळ्यांना खाली वळवते.

बरं, आता वाट. कार पार्कपासून स्नेख्दाची वाट छान बांधलेली आहे, हळूहळू चढत तासा-सव्वातासात तुला कोरीच्या तळात नेऊन सोडते. शाळेत भूगोलात हिमगव्हर शिकलीस ना, तेच हे. हिमनदीने डोंगराची कड खरवडून केलेली अर्धगोल दरी, तीन बाजूंनी ग्रॅनाइटचे कडे, तळात दगडांचा खच आणि दोन-तीन छोटी तळी. कोकणकडा खालून, बेलपाड्याकडून बघितला असशील तर आकाराचा अंदाज येईल, फक्त इथे तू त्याच्या पोटात उभी असतेस. ऑक्टोबरात खालच्या उतारांवरचं गवत केशरी-तांबडं झालेलं असतं, मिजेस संपलेल्या असतात (मे ते सप्टेंबर इथे संध्याकाळी त्या चिलटांनी जीव नकोसा होतो), आणि सकाळचा तिरपा उजेड कड्यांच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो. केर्नगॉर्मच्या उतारांवर रेनडिअर दिसले तर दचकू नकोस, १९५२ मध्ये मिकेल उत्सी नावाच्या सामी माणसाने स्वीडनमधून आणून सोडलेल्या कळपाचे ते वंशज, मोकळेच फिरतात. खाऊ घालायचं नाही.

इथे एक फसवणूक आहे ती लक्षात ठेव. स्नेख्दाचं तोंड उत्तरेकडे. वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा. म्हणजे तळात तू आडोशाला असतेस, तळ्याचं पाणी जवळपास स्थिर दिसतं, तू म्हणतेस वा काय मस्त दिवस मिळाला, टोपी काढतेस. आणि वर खिंडीत डोकं बाहेर काढलं की वारा एकदम छातीवर. म्हणून कोरीच्या तळातल्या हवेवरून वरचा काही अंदाज बांधायचा नाही. त्याऐवजी वर बघ, कड्याच्या काठावर ढगाचे तुकडे किती वेगाने सरकताहेत ते. दहा-पंधरा सेकंदात अख्खा कडा ओलांडत असतील तर वर चालणं मजेचं नाही. आणि कोरीतच जेवढे कपडे घालायचे तेवढे घालून घे, वर खिंडीत सॅक उघडत बसायचं नाही. ग्लोव्ह उडाला की गेला.

गोट ट्रॅकबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो तळाच्या मागच्या कोपऱ्यातून तिरका वर जातो, शेवटचा भाग चांगलाच उभा, माती आणि घसारा, लोकांच्या पायांनी झिजलेला. कोरडा असेल तर तुला काहीच वाटणार नाही, नळीच्या वाटेपुढे तो पोरखेळ आहे. पण ऑक्टोबरात रात्री गोठलं असेल तर दगडांवर पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो जो दिसत नाही, आणि पहिला बर्फ याच महिन्यात पडलेला अनेकदा बघितलाय. तर नियम असा: कोरडा असेल तर चढायला वापर. उतरायला पहिल्याच वेळी एकटीने अजिबात नाही. तळ्याजवळचे दगड गोठलेले दिसले तर तिथूनच मागे फिर आणि कोरी कासच्या कडेची सोंड पकड, नकाशावर फिआकल अ खोरी खाश अशी आहे, ती सरळ सोपी सोंड तुला ११४१ मीटरच्या मोठ्या दगडांच्या राशीपाशी नेते. तीच तुझी परतीची वाटही आहे, त्यामुळे ती ओळखीची झाली तर फायदाच.

गोट ट्रॅकने वर आलीस तर डावीकडे, म्हणजे पूर्वेला वळून स्टॉब कोरी अन स्नेख्दा हा ११७६ मीटरचा माथा ओलांडून त्याच ११४१ च्या राशीकडे यायचं. धुकं असेल तर कड्याचा काठ डाव्या हाताला राहतो, काठापासून चांगलं अंतर ठेव, काठावर जाऊन खाली डोकावायची हौस धुक्यात नको. धुक्याच्या वर ऊन असेल आणि सूर्य पाठीमागे, तर मात्र कोरीतल्या ढगावर इंद्रवज्र (आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य) दिसू शकतं, हरिश्चंद्रगडावर दिसतं तेच. शरदातला खालचा सूर्य त्याला फार सोयीचा. त्याच तऱ्हेच्या हवेत बेन मकडूईवर प्राध्यापक नॉर्मन कॉली १८९१ मध्ये एकटे होते आणि मागून कोणीतरी लांब ढांगा टाकत येतंय असं वाटून घाबरून पळत खाली आले, हे त्यांनी स्वतः १९२५ मध्ये जाहीर सांगितलं आणि तेव्हापासून तिथलं 'ग्रे मॅन'चं भूत सुरू झालं. एकटं चालताना आपल्याच बुटांचा आवाज कधी कधी विचित्र ऐकू येतो, एवढंच मी म्हणेन.

आणि आता काठ. ११४१ च्या जवळ, कोरी रॅबर्टच्या डोक्यावर, आडोसा बघून बस, चहा काढ आणि तीन गोष्टी बघ.

घड्याळ: साडेअकरा वाजून गेले असतील तर उतरायचं नाही. ही वेळ मी कशी काढली ते सांगते, म्हणजे तुला तुझ्या दिवसासाठी काढता येईल. काठावरून लॉखचा किनारा एक तास, किनाऱ्याने शेल्टर स्टोन पाऊण तास, तिथे अर्धा तास, परत चढाच्या पायथ्याशी पाऊण तास, चढ सव्वा ते दीड तास, काठावरून कार पार्क सव्वा तास. झाले पावणेसहा तास. साडेअकरा अधिक पावणेसहा म्हणजे सव्वापाच, सूर्यास्ताला जेमतेम एक तास राहतो, आणि तो एक तास म्हणजे तुझा मुरगळलेला पाय, चुकलेली वाट, वाढलेला ओढा हे सगळं मिळून. त्याहून कमी राखीव ठेवून एकटीने मी जात नाही. इथे विल्यम नेस्मिथचा १८९२ चा नियम सगळे वापरतात, ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुझी वाट १४-१५ किलोमीटर आणि जवळपास हजार मीटर चढ, म्हणजे त्या हिशोबाने साडेचार-पावणेपाच तास येतात. ते खरं मानू नकोस. त्यात थांबणं, खाणं, फोटो, दगडांच्या खचातून सांभाळून पावलं टाकणं यातलं काहीच धरलेलं नाही. आठ-नऊ तासांचा दिवस समज.

वारा: उभं राहिल्यावर झोताने पाऊल हलत असेल, तर नाही. कोरी रॅबर्ट दक्षिणेकडे तोंड करून आहे, नैऋत्येचा वारा तिथून वर येतो, म्हणजे उतरताना समोरून आणि परतताना दमलेली असताना पठारावर आडवा.

नजर: खाली लॉख, निदान समोरचा डोंगर दिसतोय का. ढग तुझ्या पातळीच्या खाली असेल तर उतरून बघण्यासारखं काही नाही आणि परत वर येताना काठ शोधत बसावं लागेल.

तिन्हीतलं एक जरी बिघडलं तरी मागे. इथे एकटं असण्याचा खरा तोटा कळतो, कारण 'जाऊ दे गं, पुढच्या वेळी' म्हणणारं बरोबर कोणी नसतं आणि सकाळपासून मनात लॉखच असतं, मन हिशोब हवे तसे करतं. म्हणून मी सकाळी गाडीतच डाव्या मनगटावर बॉलपेनने ती वेळ लिहून ठेवते. पोरकट वाटेल, पण काठावर बाही मागे केली की आकडा तिथे असतो आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

सगळं जुळलं तर उतर. कोरी रॅबर्ट वरच्या भागात सौम्य आहे, ओढ्याच्या कडेने गवतातली वाट. शेवटचा दीडेकशे मीटरचा उतार मात्र उभा आणि झिजलेला. गुळगुळीत ग्रॅनाइटच्या पाट्या आणि त्यांच्यावर ग्रॅनाइटचीच भरड, फरशीवर ज्वारी सांडल्यासारखी. टाच रोवायची सवय इथे घात करते, पूर्ण तळवा टेकवून, गुडघे वाकवून, लहान पावलं टाकायची, आणि भरडीपेक्षा कडेच्या गवताच्या ढेपांवर पाय ठेवायचा. काठ्या असतील तर इथे त्यांचे पैसे वसूल. वाट इथे दोन-तीन ठिकाणी फुटते, घाई करू नकोस, आणि मधून मधून मागे वळून बघत जा, कारण चढताना तुला हीच वाट हवी आहे.

आणि मग खाली लॉख. दोन-सव्वादोन किलोमीटर लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. पश्चिमेच्या टोकाला चक्क वाळूचा किनारा आहे, ग्रॅनाइटची जाडसर फिकी वाळू, आणि पाणी इतकं स्वच्छ की किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. टोकाच्या मागे शेल्टर स्टोन क्रॅग, कार्न एटखखन, हेल्स लम असे कडे उभे आणि त्यांच्या मधून पठारावरचं पाणी पाट्यांवरून घसरत खाली येतं. टार्मिगन पक्षी या दिवसांत अर्धे करडे अर्धे पांढरे होत असतात, पायाजवळून घोरल्यासारखा आवाज करत उडतात. लोक देखाव्याला जातात, मी त्या पाण्याच्या आवाजाला जाते, पण ते असो.

शेल्टर स्टोन म्हणजे वरच्या कड्यावरून निसटून पडलेला प्रचंड दगड, खाली चार-पाच माणसं झोपतील एवढी पोकळी, भोकं दगडमातीने बुजवलेली. त्याच्या आसपास तसेच दिसणारे पुष्कळ धोंडे आहेत, त्यामुळे लगेच सापडेलच असं नाही, माथ्यावर दगडांची छोटी रास आहे ती बघायची. तू उत्तरेच्या किनाऱ्याने येणार आणि दगड पलीकडच्या बाजूला, म्हणजे लॉखच्या टोकाला वरून येणारा प्रवाह ओलांडावा लागतो. एरवी दगडांवरून उड्या मारत जाता येतं. पाऊस चालू असेल किंवा आदल्या रात्री झाला असेल तर हा प्रवाह भराभर वाढतो, आणि जाताना गुडघ्याला असलेलं पाणी येताना मांडीला लागतं. दगड बुडालेले असतील, पाणी पांढरं दिसत असेल तर अलीकडच्या वाळूवर बसून डबा खा आणि परत फिर. लॉख तर बघितलंस ना.

आणि शेल्टर स्टोनला 'वेळ पडली तर तिथे राहीन' असा प्लॅन बी समजू नकोस. यामागे एक वाईट इतिहास आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिनबराच्या एका शाळेचा ग्रुप याच पठारावर होता, हवा बिघडल्यावर ते कुरन शेल्टर नावाच्या छोट्या खोपटाकडे जायला निघाले, बर्फात ते गाठता आलं नाही आणि उघड्यावर दोन रात्री काढाव्या लागल्या. पाच मुलं आणि एक शिकाऊ इन्स्ट्रक्टर अशी सहा माणसं गेली. ती जागा फे बुई ओढ्याच्या वरच्या अंगाला, तोच ओढा जो खाली लॉख एव्हनला येऊन मिळतो. त्यानंतर पठारावरची ती उंच खोपटी असावीत की नसावीत यावर मोठा वाद झाला आणि १९७५ मध्ये कुरन काढून टाकलं. ती नकोत म्हणणाऱ्यांचं म्हणणं, जे मला पटतं, ते हे की निवारा आहे या भरवशावर माणूस जिथे जायला नको तिथे जातो.

परतताना कोरी डोइनने (रॅबर्टच्या पश्चिमेची दरी) वर जावं का असं तू विचारलं नाहीस, पण जीपीएक्समध्ये बहुतेक तेच असेल, कारण गोल फेरी सगळ्यांना आवडते. तो चढ जास्त उभा आहे आणि वर पठारावर तू थोडी लांब, पश्चिमेला निघतेस. दुसऱ्या खेपेला कर. पहिल्यांदा, एकटीने, उतरलीस त्याच कोरी रॅबर्टने चढ आणि ११४१ वरून सोंडेने कार पार्क. जीपीएक्स फाइल ठेव, पण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता चाळीस टक्क्यांवरून बंद पडते, आणि ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. फोन आतल्या खिशात, फ्लाइट मोडवर, नकाशा ऑफलाइन उतरवलेला. कागदी नकाशा आणि होकायंत्र बरोबर, आणि ११४१ वरून सोंडेचा बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा, अंशांत) घरीच काढून नकाशाच्या कडेला लिहून ठेव. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला चुंबकीय फरक हल्ली इथे अंशभरच आहे, त्याची फिकीर नको. खुणेचे बाण, गावातला वाटाड्या मामा, पुढचा ग्रुप यातलं काही नाही हे मात्र मनात पक्कं असू दे. आपण सह्याद्रीत एकटे गेलो तरी खरं तर कधी एकटे नसतो, गुराखी तरी भेटतोच.

सामान पटकन सांगते. पोंचो घरी ठेव, वाऱ्यात त्याचं शीड होतं. हूडवालं वॉटरप्रूफ जॅकेट, आणि वॉटरप्रूफ पँट, जी आपले लोक हमखास टाळतात. जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट नाही. सिंथेटिक भरलेलं एक जाड जॅकेट, थांबल्यावर घालायला. ग्लोव्हजचे दोन जोड, लोकरी टोपी, हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, थर्मास, खाण्यात चिक्की-बेसनलाडू उत्तम, थंडीत चावता येतात, चॉकलेट दगड होतं. आणि एकटी आहेस म्हणून प्लास्टिकची सर्व्हायव्हल बॅग, स्वस्तच असते, पाय मुरगळून बसावं लागलं तर तिच्यात शिरायचं. बूट: घोट्याच्या वरपर्यंत, वॉटरप्रूफ, सोल जरा कडक. आपल्याकडचे हलके ट्रेकिंग शूज ग्रॅनाइटवर छान धरतात, पण दलदलीत दहा मिनिटांत ओले होतात आणि मग दिवसभर पाय बर्फात.

दोन कामं अजून, ती निघण्याआधीची. एक, आदल्या संध्याकाळी एमडब्ल्यूआयएसचा (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस, डोंगरांच्या हवामानाची सेवा) केर्नगॉर्म्सचा फोरकास्ट बघ, ॲव्हीमोरचा नाही. त्यात माणसावर वाऱ्याचा परिणाम काय होईल, माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के आणि फ्रीझिंग लेव्हल (ज्या उंचीवर तापमान शून्याला येतं) किती हे साध्या शब्दांत दिलेलं असतं. माथ्यावर ४० मैलांच्या वर लिहिलं असेल किंवा फ्रीझिंग लेव्हल हजार मीटरच्या खाली, तर लॉख रद्द. दोन, कोणालातरी, रूममेट चालेल, कागदावर वाट, पर्यायी वाट आणि वेळ लिहून दे: संध्याकाळी साडेसातपर्यंत माझा फोन नाही आला तर ९९९ लावायचा, पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू सांगायचं. इथले रेस्क्यूवाले स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून काहीजण निष्काळजी होतात आणि काहीजण उगाच संकोचतात, दोन्ही नको. ९९९ ला एसएमएस करता यावा म्हणून फोन आधी रजिस्टर करावा लागतो, 'रजिस्टर' असा मेसेज ९९९ ला पाठवून, ते आजच कर. कधी कधी कॉल लागत नाही तिथून मेसेज जातो. शिट्टीचा इशारा मिनिटाला सहा, मग एक मिनिट थांबून परत.

आणि काठावरून परत फिरावं लागलं तर दिवस फुकट जात नाही. वारा बेताचा असेल तर तिथून केर्नगॉर्मचा माथा अर्ध्या-पाऊण तासावर आहे, वेधशाळेचं ते बर्फ लागून पांढरं झालेलं खोकं बघ आणि स्की सेंटरच्या बाजूने उतर. हवा अगदीच खराब तर वर जाऊच नकोस, ग्लेनमोरहून रायव्होनच्या खिंडीतलं लॉखन युएन कर, हिरव्या पाण्याचं छोटं तळं आहे, पाइनच्या जंगलातून वाट, बर्च पिवळेधमक झालेले, आणि याच दिवसांत सांबरांएवढे मोठे रेड डिअरचे नर ओरडत असतात ते दरीभर ऐकू येतं. वीस ऑक्टोबरपर्यंत शिकारीचा मुख्य मोसम असतो, २००३ च्या कायद्याने चालायचा हक्क आपल्याला आहे आणि तुझ्या वाटेवर सहसा अडचण येत नाही, तरी कुठे बोर्ड लावलेला दिसला तर वाचून त्याप्रमाणे जा.

तारीख नक्की झाली की आदल्या संध्याकाळचा फोरकास्ट इथे टाक, वाऱ्याचा आकडा आणि फ्रीझिंग लेव्हल दोन्ही, मी नऊपर्यंत बघून सांगते.